चीजचे डोहाळे

आमच्या प्रितेशला एक वाईट खोड आहे. काही खावंसं वाटलं तर तो स्वतःच्या तोंडानं मागत नाही, दुसऱ्याला पुढं करतो. चार वर्षांचा होता तेव्हा पडवीतून ओरडायचा, "आये, मांजर बोलतंय, तिला बोंबील पायजे." मी बोंबील द्यायची. डोकं मांजरीला मिळायचं. बाकीचा बोंबील कुठं गेला ते मांजरीनं मला कधी सांगितलं नाही. गणपतीत तर बोलायलाच नको. "आये, बाप्पाला आजून एक मोदक पायजे." बाप्पा बिचारा सोंड खाली घालून गप्प. पुढं शाळेत गेला तेव्हा त्याच्या मित्राला भूक लागायची, नोकरीला लागला तेव्हा त्याच्या सायबाला. दुसऱ्याच्या नावावर जेवणारा असा माणूस आमच्या सबंध जूचंद्र गावात दुसरा नाही.

आणि मी त्याची आई. कोळीण मला शिळी चिंबोरी द्यायला धजत नाही, भाजीवाला माझ्यासमोर वजनाचा काटा दोनदा पुसतो. अशी मी, चार महिने फसले. ते कसं, ते सांगते.

संजना म्हणजे माझी सून. माहेर वसईच्या एव्हरशाईन सिटीत, पण माणसं मूळची कराडकडची. पोरगी गुणी, बोलायला मऊ, बँकेत नोकरी. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी कैरी घालून जवळा, ती बारीक सुकी कोलंबी, केला होता. माझा जवळा तव्यावर पडला की आळीतली माणसं आपापल्या घरात बसून उसासे टाकतात. ही नवी नवरी स्वयंपाकघराच्या दारात आली आणि हिनं पदर नाकाला लावला. घरात पाच बायका बसलेल्या. माझ्या जवळ्याला नाक धरलेलं माणूस मी जन्मात बघितलं नव्हतं. मी कालथा खाली ठेवला आणि पाचजणींसमोर बोलले, "ही सोताच्या तोंडान जवला मागंल, त्याच दिवशी हिच्या ताटात वाढीन. तवर नाय म्हंजे नाय."

एकदा बोलले की बोलले. तेव्हापासून आमच्याकडे दोन भांडी चढायला लागली. आमच्यासाठी मासळी, तिच्यासाठी तुरीची आमटी आणि बटाट्याची भाजी. जवळ्याचा पत्र्याचा डबा मी मागच्या पडवीत नेऊन ठेवला. तिनं कधी मागितला नाही. मीही वाट बघत नव्हते. मी कशाला बघू?

वर्षभरानं संजनाला दिवस गेले. पहिले दोन महिने उलट्यांत गेले. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी प्रितेश वरच्या खोलीतून खाली आला. त्याचं काम घरूनच असतं, दिवसभर कानाला यंत्र लावून कुणातरी इंग्रजाशी भांडतो. माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आये, संजनाला बर्गर खावासा वाटतोय."

"का? माझे हात मोडलेत?"

"आये, डोहाळे आहेत ते," म्हणाला, आणि हळूच डाव्या कानाला हात लावला. "माझा कान आजपन ठणकतो बघ, दमट हवेत."

झालं.

या कानाची गोष्ट अशी. प्रितेश पोटात असताना मला वसईच्या एस.टी. स्टँडवरचा बटाटेवडा खायचे डोहाळे लागले होते. साधा वडा, पावात घातलेला, वर लाल चटणी. झोपेत त्या चटणीचा वास यायचा. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "घरात कढय फुटली का? भायेरचं खानं या घरच्या सुनांनी कधी खाल्लं नाय." त्यांनी घरात वडे केले. चांगलेच केले असतील, पण ते डोहाळ्याचे वडे नव्हते. पुढं प्रितेश झाला आणि त्याचा डावा कान फुटला. सात वर्षं वाहात होता. डोहाळे अपुरे राहिले की पोराचा कान फुटतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. सात वर्षं मी त्या कानात कापूस घातला आणि सात वर्षं मनात म्हणत होते, माझी सून येऊ दे, ती जे मागेल ते देईन, चंद्र मागितला तर शिडी लावीन.

ही गोष्ट प्रितेशला तोंडपाठ. त्यानं कानाला हात लावला आणि बर्गर आला.

खोटं कशाला बोलू, तो पहिला बर्गर संजनानं माझ्यासमोर खाल्ला. अर्धा. उरलेला अर्धा प्रितेशनं "वाया नको जायला" म्हणून उचलला. दुसऱ्या दिवशीपासून डबे थेट वर जायला लागले. "बाबा बघत बसतात, तिला लाज वाटते," म्हणाला. माझा गुडघा वर्षभर जिन्याशी बोलत नाही, त्यामुळं वर काय चालतं ते मला दिसायचं नाही.

मग काय, रोज एक गाडी दारात. पहिल्यांदा आली तेव्हा मी अंगणात तांदूळ पाखडत होते. डबा हातात धरून गाडीवरचा बाप्या मला म्हणतो, "मावशी, ओटीपी द्या."

मी म्हटलं, "ओटी सातव्या महिन्यात. आता नाय."

"ओटीपी, मावशी. त्याशिवाय डबा देता येत नाही."

"आरं बाबा, आदी पोटुशी बाई बसल, मग ओटी भरल. तू कोन ओटी मागनारा? तुझी बायकू हाय का पोटुशी?"

तेवढ्यात वरच्या खिडकीतून प्रितेश ओरडला, "आये, सात-तीन-शून्य-चार सांग त्याला!" आकडा ऐकल्याबरोबर तो डबा देऊन पळाला. पुढं पुढं गाडीचा आवाज आला की आळीतल्या बायका हाक मारायच्या, "हंसाबाय, आली गो तुझी ओटी!"

चार महिन्यांत आमचं घर कसं बिघडलं बघा. पिझ्झा, बर्गर, मोमो, शेजवान, आणि एक ते पेरी पेरी. मला वाटलं उसाचं काही असेल, निघाले तिखट बटाटे. टोमॅटोच्या चटणीच्या पुड्या एवढ्या साठल्या की मीठ-मसाल्याच्या फळीवर त्यांनाच जागा. आमचे हे, म्हणजे प्रितेशचे वडील. नाव शत्रुघ्न, पण घरातल्या एकाही शत्रूला कधी हात लावला नाही. एक दिवस बघते तर हे तांदळाची भाकरी त्या गोड चटणीत बुडवून खातायत. शेजारी ताज्या मांदेलीचं कालवण उघडं.

"हे काय?"

"पोरांनी ठेवलंय. वाया नको जायला."

बापलेकांचा मंत्र एकच.

त्याच्यावर कळस असा, की यांचा शनिवारचा उपास असतो. लग्नानंतर संजनाही सुरुवातीला शनिवार करायची आणि मला म्हणायची, "आई, आज माझा फास्ट आहे." ते यांच्या डोक्यात बसलेलं. एका शनिवारी मी यांना जिन्याखाली पकडलं. तोंडात बर्गर, कपाळाला मारुतीचा शेंदूर. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले तर मलाच डबा दाखवतात, "वाच की! फास्ट फूड लिवलंय. उपासाचं हाय."

मी चौथीपर्यंत शिकले, हे सहावी. दोन इयत्ता जास्त शिकून माणूस एवढं वाया जातं.

मांजरीचंही तेच. आमची मांजर, त्या पहिल्या मांजरीची पणती असेल, ती बोंबलाच्या डोक्याला हुंगून पुढं जायला लागली. पिझ्झाच्या कडा खाऊन तिचं पोट जमिनीला टेकायला आलं. उंदीर तिच्यासमोरून फेऱ्या मारायचे आणि ती मान वळवून बघायची, जणू पाहुणे आहेत.

हे सगळं मी सोसलं. पण एक गोष्ट टोचायची. संजना ताटावर बसली की दोन घास आमटी-भात खायची आणि ताट सरकवायची. "पोट भरलं, आई." भरेल नाहीतर काय, वर चीज ठासलेलं! मला राग यायचा आणि रागाखाली दुसरं काहीतरी यायचं. माझ्या हातचं खाऊन या आळीतली तीन बाळंतपणं पार पडली आणि माझ्या घरची सून पुठ्ठ्याच्या डब्याची झाली.

एक दिवस मी पण हट्टाला पेटले. जाड भाकरी थापली, वर कांदा, टोमॅटो, आळीतल्या पोरीकडून चीज मागून आणून किसलं आणि तव्यावर झाकण ठेवून पिझ्झा केला. प्रितेशच्या हातात वर पाठवला. पाव तासानं ताट चाटूनपुसून खाली आलं.

"आवडला तिला?"

"बरा होता. पन संजना बोलते, भाकरी नको, पाव पायजे. आनि चीज जरा जास्ती."

"ती तर मघाशीच झोपली ना?"

"झोपायच्या आदी बोलली."

"पिझ्झा यायच्या आदी बोलली?"

"चेहऱ्यावरून कळतं, आये," म्हणाला आणि जिना चढला. तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं. पण डोहाळ्यापुढं आईची अक्कल चालत नाही, आणि तो कान माझ्या डोळ्यांसमोर वाहात होता.

सहाव्या महिन्यात आम्ही चौघं नायगावला डॉक्टरणीकडे गेलो. नॅन्सी डॉक्टरीण, वसईचीच, जीभ माझ्यासारखीच धारेची, म्हणून आमचं पटतं. तिनं संजनाला काट्यावर उभं केलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सहा महिन्यांत दोन किलो? रक्त पण कमी आहे. ही खाते काय?"

"काय नाय खात विचारा," मी म्हटलं. "पिझ्झा खाते, बर्गर खाते, मोमो खाते. रोज एक डबा येतो."

"रोज?" डॉक्टरणीनं संजनाच्या मनगटाकडे बघितलं. संजनानं मान खाली घातली. प्रितेश भिंतीवरचं बाळाचं चित्र फार लक्ष देऊन बघायला लागला. डॉक्टरणीनं त्याला वरून खालपर्यंत बघितलं. लग्नात शिवलेला सदरा घातला होता, त्याची मधली दोन बटणं एकमेकांना भेटायला तयार नव्हती.

"तुम्ही या बरं काट्यावर."

"मी? मी कशाला?"

"या तर."

काट्याचा आकडा बघून डॉक्टरीण मला म्हणाली, "हंसाबाय, लग्नाआधी हा किती होता?"

"बाहत्तर. हलदीला वजन करून बघितलं व्हतं, पोरांनी पैज लावलेली."

"आता अठ्ठ्याऐंशी. यांना कितवा लागलाय?"

प्रितेश हसला. संजना हसली नाही. मी रिक्षात बसून जूचंद्रला येईपर्यंत गप्प होते. आमचे हे रिक्षावाल्याला म्हणाले, "सावकाश चालव, हिची तब्येत बरी नाय."

दोन दिवसांनी चौथा शनिवार होता, संजनाच्या बँकेला सुट्टी. त्या आठवड्यात माझं आणखी एका गोष्टीकडे लक्ष गेलं होतं. पडवीतला जवळ्याचा डबा कमी होत होता. पावसाळा भागेल एवढा भरला होता, तो निम्म्यावर आलेला. मी मांजरीला दोष दिला, एक लाटणं पण फेकून मारलं. मग विचार आला, जी मांजर बोंबलाला तोंड लावत नाही, ती जवळ्याचं झाकण कशाला उघडेल?

दुपारी मी डोळे मिटून पडले होते. पडवीतून पत्रा वाजला. टिन्. मी उठले, चपला न घालता गेले आणि दाराच्या फटीतून बघितलं.

भाताच्या गोणीवर संजना बसली होती. मांडीवर माझा डबा. डोळे मिटून चिमूट चिमूट कोरडा जवळा तोंडात टाकत होती, आणि मधूनच डबा उचलून त्यात तोंड घालून वास घेत होती. ज्या नाकानं माझ्या जवळ्याचा पाच बायकांत अपमान केला, ते नाक डब्यात होतं! मग पोटावर हात ठेवून म्हणते, "आता पुरे हं. आजीला कळलं तर तुझी आई गेली."

मी दार उघडणार होते. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण हात कडीवरच राहिला. माझ्या सासूनं वड्याला नाही म्हटलं, म्हणून मी सात वर्षं कापूस बदलत बसले. आणि मी काय केलं? जवळ्याच्या डब्याला कुलूप लावलं नाही, एवढंच. बाकी सगळं केलं. मागायची सोयच ठेवली नाही. रोज मी सांगायचे की डोहाळे पुरवतेय, आणि माझ्या घरची पोटुशी गोणीवर बसून चोरून खात होती, तेही कच्चं.

आयुष्यात पहिल्यांदा मी काही न बोलता मागं फिरले. दुसऱ्या दिवशीपासून डब्यात भाजलेला जवळा ठेवायला लागले, कच्च्यानं पोटात दुखलं तर कोण निस्तरणार? शेजारी गुळाचा खडा आणि थोडे भाजलेले शेंगदाणे, कुणीतरी विसरल्यासारखे. रात्री बघावं तर साफ.

पण मग वर जाणारे डबे कोण खातं?

त्याच शनिवारी संध्याकाळी सात वाजता गाडी आली, ओटीपी दिला, डबा वर गेला. मी गुडघ्याला सांगितलं, आजच्या दिवस ऐक. एकेक पायरी दोन्ही पायांनी चढले. दार लोटलेलं होतं. आत संजना भिंतीकडे तोंड करून पडलेली. आणि माझा सोन्यासारखा पोरगा खाटेवर आडवा, पोटाचं टेबल केलेलं, त्यावर डबा उघडा. चीजचा धागा डब्यापासून तोंडापर्यंत लांबलचक ताणलेला. तो तुटू नये म्हणून हळूहळू मान वर करत होता, बगळ्यासारखी.

"प्रितेश," आतून संजनाचा आवाज आला, "आईंना खरं सांग ना रे. मला वासानं मळमळतं."

"अगं, सांगतो. डोहाळजेवण होऊ दे. तवर ऑफर आहे."

मी तशीच उतरले. उतरताना गुडघा दुखला नाही. रागाला गुडघे नसतात.

आता कुणी म्हणेल, तिथंच का नाही कानफटात दिली. पण बघा, माझा शब्द पाचजणींसमोर बोललेला. तो पडवीत गुपचूप गिळला असता तर उद्या या आळीत माझ्या शब्दाला कुणी विचारलं नसतं. संजनानं तोंडानं मागायला हवं होतं, आणि त्याच पाचजणींसमोर. त्याशिवाय शब्द सुटत नाही. मी प्रितेशला हाक मारली.

"सातवा लागतोय, तुझ्या बायकोचं डोहालजेवन पुढच्या रविवारी करू. चतुर्थी नाय, एकादशी नाय, बघितलंय मी."

"आये, एक बोलू? पिझ्झाचा काउंटर ठेवूया. संजनाची लय इच्छा आहे."

"ठेव की, बाला. काउंटर कशाला, एक मोठा डबा मागव. चीज जास्तीवाला."

त्यानं मला मिठी मारली. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. जागा बरीच वाढली होती.

रविवारी अंगण भरलं. आमच्या गावात रांगोळी काढायला माणूस शोधावा लागत नाही, नको म्हणायला शोधावा लागतो. आळीतल्या पोरांनी दारात पाळण्यातलं बाळ असं काढलं की व्याह्यांनी ओलांडायला पायच उचलला नाही. संजनाला हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, झोपाळ्याला झेंडू. त्या पाचही बायकांना मी स्वतः जाऊन बोलावणं केलं होतं. विहीणबाई आशालता कराडहून आणलेली हिरव्या खणाची ओटी घेऊन आल्या. ओटी भरली, गाणी झाली. मग वाट्यांची वेळ आली. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पोटुशीनं एक उचलायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

माझ्या दोन्ही वाट्या झाकून आल्या. विहीणबाईंनी पदर नाकाला लावला, माझ्याकडे बघितलं आणि पटकन खाली घेतला.

"विहीणबाई," हळूच म्हणाल्या, "पेढ्याला असा वास येतो?"

"पोरगा का पोरगी ते पोटच सांगंल," मी म्हटलं. "मला दुसरं विचारायचंय. संजना, या दोन वाट्यांत तुझे डोहाले हायेत. एका वाटीत खरे, एका वाटीत खोटे. उचल."

प्रितेश मागून म्हणाला, "आये, हे काय नवीन?"

"तू गप. तुझी कोन ओटी भरतंय?"

जवळा झाकला तरी झाकत नाही. संजनाच्या नाकपुड्या हलल्या. हात सरळ डाव्या वाटीवर गेला आणि तिथंच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. चेहरा असा, जणू पडवीत पकडली. मी हसले नाही, पण मान हलवली. तिनं वाटी उचलली. खाली कांदा, मिरची, कोकम घालून परतलेला जवळा, अजून वाफ येत होती. बायका बघतच राहिल्या.

"आई," संजना म्हणाली. "आई, मला जवळा पाहिजे. भाकरी पण पाहिजे. तीन पाहिजेत."

पाचजणींतली सगळ्यात म्हातारी ओरडली, "मागला गो हंसा! सोताच्या तोंडान मागला!"

मी आधीच थापून ठेवलेल्या भाकऱ्या पुढं केल्या. फुलांचे दागिने घालून ती पोरगी अशी जेवली की डोक्यावरची शेवंती भाकरीवर पडत होती आणि ती बाजूला सारून खात होती. विहीणबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. मिरचीचं असेल. नंतर त्यांनी पण बोटानं चाखलं आणि "आमच्यात खात नाहीत हो," म्हणून पुन्हा चाखलं.

आता दुसरी वाटी राहिली. ती प्रितेशनंच उघडली. तिच्याखाली थंड पिझ्झाचा तुकडा, चीज आखडलेलं. सगळं घर त्याच्याकडे बघत होतं, आणि त्या माणसाला राहवलं नाही.

"संजना बोलते," त्यानं तुकडा उचलत सुरुवात केली, "की हा पन वाया नको..."

सगळ्यांनी संजनाकडे बघितलं. तिच्या तोंडात भाकरी गच्च होती. तिनं डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सावकाश मान हलवली. नाही.

बायकांत जे हसू फुटलं ते रस्त्यापर्यंत गेलं असेल. आमचे हे दोन पावलं मागं सरकून खांबाआड गेले, त्यांच्या खिशात चटणीच्या पुड्या होत्या. मी उठले. गुडघ्यानं साथ दिली. प्रितेशच्या हातातला तुकडा काढून घेतला, मांजरीपुढं टाकला, आणि पाचजणी, विहीण, सून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला म्हणाले,

"चार महिने बायकोच्या नावावर जेवलास. ओटी तिची आनि ओटीपी तुझा! आता कानाला हात लावू नको, त्या कानानं ऐक. ही बालंत व्हईपर्यंत या घरात भाकरी तू थापशील, जवला तू निवडशील, हिच्या पुढ्यात ताट तू ठेवशील. आनि जी भाकरी करपल ना, ती तू खाशील. मांजरीच्या नावावर नाय, बापाच्या नावावर नाय. सोताच्या नावावर."